खुरासणीचं वाण निवडताना: आधी दिवस मोजा, मग शेजाऱ्याला विचारा



गेल्या पंधरा दिवसांत आपल्या ग्रुपवर एकच प्रश्न तीन-चार जणांनी विचारला. मोबाइलवर कॅनोलाच्या पिवळ्या शेतांचे व्हिडिओ येतात, एकरी एवढं उत्पादन, एवढं तेल. "आपल्याकडं कॅनोला लावला तर चालंल का? बियाणं कोणतं घ्यायचं?" फोनवर दोन वाक्यांत उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नाही, म्हणून आजचा संदेश जरा मोठा आहे. पेरणीला अजून वेळ आहे. सवडीनं वाचा, घरात ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

*कॅनोला म्हणजे काय*

कॅनोला हे मोहरीच्या जातकुळीतलं पीक. कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात ते तयार केलं. जुन्या मोहरीवर्गीय तेलात इरुसिक आम्ल भरपूर असायचं आणि पेंडीत गुरांना न मानवणारे तिखट घटक असायचे. हे दोन्ही कमी केलेलं पहिलं वाण १९७४ मध्ये आलं. कॅनोला हे नावच कॅनडा आणि तेल यांच्या इंग्रजी शब्दांवरून बनवलेलं आहे.

आपल्या माळावर ते का जमणार नाही? तीन कारणं आहेत. पहिलं, त्याला लांब, थंड हंगाम लागतो. आपल्याकडं पाऊस मुसळधार, पण ऑक्टोबर संपला की उताराच्या जमिनीतली ओल झपाट्यानं उडते. रब्बीत पाणी असलेलं शेत कुणाकडं किती गुंठे आहे, ते तुम्हाला ठाऊक आहे. दुसरं, भात-नागली निघाली की आपल्याकडं गुरं मोकळी सुटतात आणि मोहरीसारखा हिरवा पाला ती सोडत नाहीत. तिसरं, कॅनडातले शेतकरी बहुतेक संकरित बियाणं वापरतात. ते दर वर्षी नवं विकत घ्यावं लागतं. घरचं ठेवून पुन्हा पेरलं तर पीक एकसारखं येत नाही.

म्हणून कॅनोलाच्या मागं लागू नका. पण तिकडचा जाणता शेतकरी वाण कसं निवडतो, ते मात्र शिकण्यासारखं आहे. तो पाकिटावरचा उत्पादनाचा आकडा एकटा धरून चालत नाही. त्याच्याकडं थंडी लवकर पडते, म्हणून पीक किती दिवसांत तयार होतं हे तो पाहतो. पीक लोळतं का, शेंगा शेतातच फुटून दाणा सांडतो का, आपल्या भागातल्या रोगाला ते टिकतं का, हेही पाहतो. आपल्याच भागातल्या चाचणीच्या शेतात ते वाण कसं आलं, याची चौकशी करतो. उत्पादनाचा आकडा तो या सगळ्याच्या जोडीनं वाचतो.

हेच प्रश्न आपण आपल्या तेलबियांना लावू. आपलं तेलबियांचं पीक म्हणजे खुरासणी.

*खुरासणीला कमी लेखू नका*

सरकारी कागदावर हिचं नाव कारळा किंवा कारळे असतं, इंग्रजीत नायजर म्हणतात. मूळची ही इथिओपियाच्या डोंगरांतली. आपल्याकडं वरकस जमिनीवर एक वर्ष नागली, मग वरई, मग खुरासणी असा फेर पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. जमीन थकली तरी ती येते. गुरं तिला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपण नसलेल्या शेतातही टिकते. बियांत साधारण ३५ ते ४० टक्के तेल असतं. चटणी होते, घाण्यावर तेल निघतं, पेंड गुरांना जाते. शिरपामाळाच्या आजूबाजूला, खाली वाड्या-पाड्यांच्या उतारांवर भाद्रपद-आश्विनात जो पिवळा रंग चढतो, तो हिचाच.

सुधारित वाणंही आहेत, आणि ती फार लांबची नाहीत. इगतपुरीचं विभागीय कृषी संशोधन केंद्र हे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं. तिथं कारळ्यावर बरीच वर्षं काम चाललंय. खोडाळ्याकडून वैतरणेच्या बाजूनं गेलं की तोच सह्याद्री, तसाच पाऊस. सह्याद्री (आयजीपी ७६), फुले कारळा आणि फुले वैतरणा ही वाणं या कामातून आलेली आहेत. गुजरातेत गुजरात नायजर मालिका आहे, झारखंडात बिरसा नायजर, मध्य प्रदेशात जेएनसी मालिका. चांगली वाणं तीही आहेत, पण तिथल्या माती-पावसावर निवडलेली. दोन्ही मिळत असतील तर आधी इगतपुरीचं बघा.

आणि चौथं वाण विसरू नका, ते म्हणजे तुमच्या घरच्या कणगीतलं. आजी-पणजीनं राखलेलं बी तुमच्याच उतारावर इतकी वर्षं तगलंय. त्याला गावठी म्हणून बाजूला टाकू नका. तेही तुलनेत धरा.

*पहिला प्रश्न: दिवस किती?*

खुरासणी साधारण ९५ ते ११० दिवसांत तयार होते. पंधरा दिवसांचा फरक कागदावर छोटा दिसतो, पण आपल्याकडं त्या पंधरा दिवसांत घर हलतं. दिवाळी झाली की किती कुटुंबं वसई, भिवंडीकडं वीटभट्टीवर निघतात, ते सांगायला नको. पीक उभं असताना मुकादमाचा निरोप आला की एक तर कुणीतरी मागं राहायचं, नाहीतर अर्धं कच्चं कापायचं.

मोखाड्याच्या बाजूच्या एका ताईंनी आपल्या बैठकीत सांगितलं होतं, "बी चांगलं होतं, झाडंबी चांगली होती, पण आम्ही नव्हतो." भट्टीवरून माणूस परत येईपर्यंत अर्धा दाणा जमिनीवर पडला होता. चूक वाणाची नव्हती, दिवस मोजले नव्हते.

हिशेब असा करा. २० जुलैला पेरलं आणि वाण १०० दिवसांचं असलं, तर २८ ऑक्टोबरच्या सुमाराला कापणी येते. ११० दिवसांचं असलं तर ७ नोव्हेंबर. आता दिवाळी कधी आहे ते बघा, भात आणि नागलीची कापणी कधी येते ते बघा, घरात कापायला हात किती आहेत ते बघा. तिन्ही कामं एकाच आठवड्यात आली तर शेवटी खुरासणीच मागं पडते, हा आपला अनुभव आहे.

लवकर पेरून दिवस वाचवू, असं काहींना वाटेल. इथं एक गोष्ट ध्यानात ठेवा. दिवस लहान होऊ लागले की खुरासणी फुलावर येते. फार लवकर पेरली तर झाड नुसतं उंच वाढतं, मऊ राहतं आणि वाऱ्या-पावसात लोळतं. म्हणून पेरणीची वेळ गावच्या रिवाजापासून फार लांब नेऊ नका. दिवस वाचवायचे असतील तर ते वाणातून वाचवा.

*दुसरा प्रश्न: लोळते का, गळते का?*

माथ्यावरच्या हलक्या, मुरमाड जमिनीत झाड आपोआप बुटकं राहतं. खालच्या, माती साचलेल्या पट्ट्यात तेच वाण कमरेच्या वर जातं आणि पडतं. म्हणून "हे वाण चांगलं का?" असं विचारू नका. "माझ्या या शेतात हे चांगलं का?" असं विचारा. माथ्याला एक आणि खालच्या शेताला दुसरं, असंही उत्तर येऊ शकतं. पण तसं करण्याआधी पुढं मधमाशीबद्दल लिहिलंय ते वाचा.

दाणा गळण्याचा हिशेब रुपयांत मांडू. आपल्यासारख्या कोरडवाहू शेतात एकरी १२० किलो खुरासणी आली असं धरा. कापायला उशीर होऊन दहावा हिस्सा गळला तर १२ किलो गेले. केंद्र सरकारनं २०२५-२६ हंगामासाठी कारळ्याचा हमीभाव क्विंटलला ९,५३७ रुपये ठरवला, म्हणजे किलोला ९५ रुपये ३७ पैसे. बारा किलोचे झाले सुमारे १,१४४ रुपये.

आता दुसरी बाजू बघा. एखाद्या वाणात तेल २ टक्के जास्त आहे असं कुणी सांगितलं, तर १२० किलोमागं जास्तीचं तेल अडीच किलोही भरत नाही. तेलाच्या टक्क्यावर भुलण्याआधी गळणारा दाणा वाचवा. पानं वाळली आणि बोंडं तपकिरी-काळपट झाली की कापा. सगळं शेत खडखडीत वाळायची वाट बघू नका. सकाळी दंव असताना कापलं तर दाणा कमी गळतो.

*तिसरा प्रश्न: बी स्वच्छ आहे का?*

खुरासणीचा मोठा शत्रू अमरवेल. पिवळी, पानं नसलेली, दोऱ्यासारखी. ती झाडाला गुंडाळते आणि त्याचाच रस पिते. एकदा शेतात शिरली की तिचं बी मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं. आणि ती शेतात शिरते बहुतेक वेळा आपल्याच हातानं, पेरायच्या बियाण्यात मिसळून.

आपली खुरासणी परदेशात, अमेरिकेतसुद्धा, पक्ष्यांचा दाणा म्हणून जाते. पण तिथं शिरण्याआधी ती ठरलेल्या तापमानाला तापवून घ्यावी लागते. अमरवेलीसारख्या तणाचं बी जिवंत जाऊ नये, हे त्याचं कारण. एवढा मोठा देश ज्या बियाला इतका घाबरतो, ते आपण आठवडी बाजारातल्या ढिगातून आणून शेतात टाकतो. बाजारातली खुरासणी तेलासाठी, चटणीसाठी ठीक. पेरायला घेऊ नका.

घरच्या बियाण्यासाठी उपाय साधा आहे. अमरवेलीचं बी खुरासणीच्या दाण्यापेक्षा बारीक आणि गोलसर असतं. बारीक जाळीच्या चाळणीनं बी दोनदा चाळा. खाली पडेल ते शेतात किंवा उकिरड्यावर टाकू नका, चुलीत घाला. मग बी मिठाच्या पाण्यात टाका, वर तरंगेल ते पोचट दाणे आणि कचरा काढून टाका. खाली बसलेलं बी साध्या पाण्यानं दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवा. शेतात अमरवेल दिसलीच तर फुलावर येण्याआधी धरलेल्या झाडासकट उपटा आणि जाळा.

पिशवीतलं बियाणं घेत असाल तर लेबल वाचा. निळं लेबल म्हणजे प्रमाणित बियाणं, हिरवं म्हणजे सत्यप्रत, पांढरं म्हणजे पायाभूत. वाणाचं नाव, लॉट नंबर, उगवणीचा टक्का आणि मुदत, या चार गोष्टी नसतील तर घेऊ नका. पक्की पावती घ्या आणि पिशवी लेबलासकट कापणी होईपर्यंत जपून ठेवा. उद्या तक्रार करायची वेळ आली तर तोच पुरावा.

बी पिशवीतलं असो की कणगीतलं, उगवण घरी तपासा. १०० दाणे मोजून ओल्या फडक्यात गुंडाळा, फडकं ओलं ठेवा, आठवड्यानं मोजा. ८० किंवा जास्त उगवले तर बिनधास्त पेरा. ६०-७० उगवले तर बी थोडं जास्त धरा. त्याहून कमी असेल तर दुसरं बी शोधा.

*चौथा प्रश्न: शेजारी काय पेरतोय?*

हा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत, आणि खुरासणीत सगळ्यात मोठा हाच आहे.

भाताचं फूल स्वतःच्याच परागानं फळतं. म्हणून शेजाऱ्यानं दुसरं वाण लावलं तरी तुमच्या भातात फार मिसळ होत नाही. खुरासणीचं तसं नाही. तिच्या एका झाडाचा पराग त्याच झाडाला सहसा लागू पडत नाही. दुसऱ्या झाडाचा पराग यावा लागतो, आणि तो आणते मधमाशी. सातेरी असो, आग्या असो की फुलोरी, माशीला बांध कळत नाही. तुमच्या शेतातून शेजाऱ्याच्या, तिथून परत तुमच्या, असा तिचा दिवस जातो.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, माशी नसेल तर कितीही भारी वाण आणा, बोंडं अर्धी पोकळच राहणार. म्हणून फुलोऱ्यात कीटकनाशक फवारू नका, आणि आग्याचं पोळं पेटवू नका. मधपेट्या ठेवायच्या असतील तर हेक्टरी पाच पेट्यांची शिफारस आहे, म्हणजे एकरी दोन.

दुसरी, तुम्ही नवं सुधारित वाण आणलं आणि शेजारच्या काकांनी गावठी पेरलं, तर एकाच हंगामात दोन्हीचं बी मिसळलं. पुढच्या वर्षी तुमच्याकडं निव्वळ सुधारित राहिलं नाही आणि त्यांच्याकडं निव्वळ गावठी राहिलं नाही. तुमचं नुकसान पैशात भरून निघेल, बियाणं पुन्हा विकत आणता येईल. काकांचं जुनं बी मात्र कुठल्याच दुकानात मिळत नाही.

जव्हार भागात बाएफ संस्थेनं गावकऱ्यांना सोबत घेऊन स्थानिक वाणं जपण्याचं काम केलेलं आहे. भाताचं वाण राखणं त्यात सोपं, कारण ते आपापल्या खाचरात राखता येतं. खुरासणी राखायची तर अख्ख्या उतारावरच्या लोकांनी मिळून ठरवावं लागतं. तुमच्या शेतात काय पेरायचं हा तुमचा हक्क आहेच. पण पेरण्याआधी उतारावरच्या चार घरांत एकदा बसून बोला. या बाजूच्या उतारावर सगळे नवं, ओढ्यापलीकडच्या उतारावर सगळे जुनं, मध्ये काही शे मीटर अंतर, असं ठरलं तर दोन्ही टिकतील.

बियाण्यासाठी राखायचं असेल तर शेताच्या कडा सोडून मधल्या भागातली झाडं निवडा. चार-पाच सुंदर झाडांचंच बी घेऊ नका. निदान शंभर-दीडशे निरोगी झाडांचं मिळून घ्या, नाहीतर बियाणं दोन-तीन वर्षांत कमजोर पडतं.

*एका गुंठ्याची परीक्षा*

नवं वाण एकदम एकरभर पेरू नका. ३३ फूट बाय ३३ फुटांचा तुकडा म्हणजे एक गुंठा. एकाच शेतात, सारख्या मातीत दोन गुंठे आखा. एकात नवं, एकात घरचं. एकरी २ किलो बी या हिशेबानं गुंठ्याला ५० ग्रॅम पुरतं. बी बारीक असल्यानं चाळलेलं शेणखत किंवा राख मिसळून पेरा, म्हणजे दाट-विरळ होणार नाही. शक्य असेल तर एक फूट अंतराच्या ओळीत पेरा.

मग वहीत एवढंच लिहा: पेरलं कधी, फूल कधी आलं, कापलं कधी, किती झाडं लोळली, अमरवेल दिसली का, आणि दोन्हीचं वजन वेगवेगळं किती. गुंठ्याच्या वजनाला ४० नं गुणलं की एकराचा अंदाज येतो. ३ किलो आली तर एकरी १२०.

एक सूचना महत्त्वाची. या दोन गुंठ्यांचं बी पुढच्या वर्षी पेरायला ठेवू नका. शेजारी-शेजारी असल्यानं ते मिसळलेलंच असणार. त्याची चटणी करा, घाण्यावर द्या. पेरायचं बी वेगळ्या शेतातून.

*भावाबद्दल दोन शब्द*

वर लिहिलेला हमीभाव हा सरकारनं जाहीर केलेला भाव आहे. तो हातात पडायला खरेदी केंद्र सुरू असावं लागतं, आणि माल वाळलेला, स्वच्छ असावा लागतो. कापणीच्या आधीच आदिवासी विकास महामंडळाच्या जवळच्या केंद्रावर चौकशी करा. सातबारावर पीकपेरा खुरासणीचा लागलाय का, तेही तपासा. बांधावर आणि वरकसवर पेरलेलं पीक बऱ्याचदा नोंदवायचं राहून जातं, मग विकताना अडचण होते.

*या आठवड्यात एवढं करा*

१) घरच्या खुरासणीच्या १०० दाण्यांची उगवण तपासा.
२) बी चाळून घ्या, अमरवेल काढा.
३) आपल्या उतारावर कोण काय पेरणार, ते चार घरांत विचारा.
४) कापणी कोणत्या आठवड्यात जमेल ते ठरवा आणि तिथून मागं दिवस मोजा.
५) परीक्षेचे दोन गुंठे कोण करणार, त्यांनी नाव, पाडा आणि शेत माथ्याचं की खालचं, एवढं बोलून व्हॉइस मेसेज पाठवा. लिहायची गरज नाही.

कोणत्या पाड्यावर कोणतं वाण कसं आलं, ते दिवाळीनंतर वजनांसकट याच ग्रुपवर टाकू. तेव्हा बाहेरच्या व्हिडिओकडं बघायची गरज पडणार नाही. आपल्याच मातीतले आकडे आपल्या हातात असतील.

आणि हो, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा, कणगीतलं हे बी कुठून आलं, कुणी दिलं. जे सांगतील ते रेकॉर्ड करून ठेवा. वाण निवडताना तेही कामाला येतं.

मिरग चांगला जावो. रामराम.